प्रस्थानाची पिशवी

नागपूरहून जर्मनीला जायचे किती मार्ग आहेत हे कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर त्यानं आमच्या यजमानांना गाठावं. चहा मिळेल, पण दोन तास उठता येणार नाही. माणूस उभा जन्म रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेला. त्यामुळे जगातलं कुठलंही ठिकाण आधी जमेल तितकं रेल्वेनं गाठायचं आणि मग उरलेल्या अंतराचं काय ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत. जर्मनीपर्यंत गाडी जात नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

आमचं घर प्रताप नगरात. विमानतळ तिथून दहा मिनिटांवर. गच्चीवर कुरडया घालायला बसले की विमानं इतकी खालून जातात की चाकं दिसतात. म्हणजे घरून निघायचं, दहा मिनिटांत विमानतळ, दिल्लीला विमान बदलायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या दारात. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मला यात अवघड काही दिसत नव्हतं. पण आमच्या घरात सोपं गणित कुणी सोपं राहू देईल तर शपथ!

जायचं कशासाठी होतं ते आधी सांगते. आमची एकुलती एक लेक तिकडे नोकरीला, जावईही तिथेच. दोन वर्षांपूर्वी पाचवा महिना चालू असताना तिचं बाळ गेलं. तेव्हा मी इथे स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी होते आणि ती त्या पडद्यावर रडत होती. मी नुसती "रडू नको, रडू नको" म्हणत राहिले. एवढ्या लांबून दुसरं काय म्हणणार? नंतर कित्येक दिवस मला स्वतःचाच राग यायचा, की पोटच्या पोरीला जवळ घ्यायला आपल्याला जाता आलं नाही.

आता पुन्हा दिवस राहिले होते आणि सगळं नीट चाललं होतं. सातवा लागला तेव्हा तिनं फोनवर विचारलं, "आई, या वेळी तू इथे असशील ना? नंतर बाळंतिणीचं करायला नाही म्हणत मी. त्या वेळी. त्या खोलीत."

"असेन."

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे नक्की. काय लिहून देऊ?"

ती हसली आणि म्हणाली की मग मला काही होणार नाही. हे वाक्य मी यजमानांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी त्या कागदाचा नाद सोडला असता.

कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची पानं. त्यांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी पट्टी घेऊन रकाने आखले होते. मार्ग पहिला, गाडीनं मुंबई, तिथून विमान. मार्ग दुसरा, गाडीनं दिल्ली, तिथून विमान. मार्ग तिसरा, ट्रॅव्हल्सच्या बसनं हैदराबाद, तिथून विमान. मार्ग चौथा, नागपूरहूनच विमानानं दिल्ली आणि पुढे. मार्ग पाचवा, नागपूरहून थेट आखातात जाणारं विमान, तिथे बदलून जर्मनी. प्रत्येक मार्गापुढे फायदे, तोटे आणि 'शेरा'. रोज सकाळी चहाचा कप ठेवायला जावं तर टेबलावर जर्मनी पसरलेली.

"पाचवा मार्ग सगळ्यात बरा," मी म्हटलं. "एकदाच बदलायचं."

"त्या परक्या मुलखात एकटी उतरशील. तुले तिथं कोणी ओळखते काय?"

"आणि दिल्लीत कोण ओळखतं मला?"

"दिल्ली आपली आहे."

बरं, हे मुंबईची गाडी म्हणतात म्हणून मी एकदा चिडून म्हटलं, ठीक आहे, मुंबईच्या गाडीनं जाते. तर लगेच म्हणतात कसे, "आणि गाडी लेट झाली म्हंजे?" रेल्वेत जन्म काढलेल्या माणसानं हे म्हणावं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तीन आठवडे आधी निघायचं ठरवलं होतं. त्यातला दीड आठवडा या रकान्यांनी खाल्ला.

शेवटी मीच एका दुपारी ऑटो करून सदर भागात गेले. तिथे तिकिटं काढून देणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत चौथ्या मार्गाचं तिकीट हातात ठेवलं. बुधवारी दुपारी नागपूर-दिल्ली, पुढे तिथून जर्मनी. लेकीला डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बरोबर नऊ दिवस आधी मी पोचणार होते. मला वाटलं, सुटले.

कशाची सुटते! यजमानांनी लगेच ताईंना फोन केला.

यजमानांची ताई म्हणजे माझ्या वन्सं. त्या यजमानांहून दहा वर्षांनी मोठ्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला नंदनवन भागात एकट्या राहतात. मी शाळेत असायची तेव्हा माझी लेक त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली, त्यामुळे तिच्यावर त्यांचा माझ्याइतकाच हक्क आणि तो त्या गाजवतात. मनानं फार चांगल्या. पण त्यांच्याकडे एक पंचांग आहे आणि त्या पंचांगात घरातल्या कुणाचं काही चांगलं व्हायला सहसा परवानगी नसते.

दुसऱ्याच दिवशी पंचांग घेऊन त्या हजर.

"काहून वं, बुधवारी चालली म्हणे तू?"

"हो. तिकीट झालं."

"बुधवारी उत्तरेला दिशाशूल राह्यते, तिकडं जाऊ नाही. दिल्ली उत्तरेला आहे."

"वन्सं, मी दिल्लीला नाही जात. जर्मनीला जाते. जर्मनी पश्चिमेला आहे."

त्यांनी पानं उलटली. "पश्चिमेला इतवार आन् शुक्रवार वाईट. मंग बुधवार पश्चिमेला चालते. पण पहिलं पाऊल तर उत्तरेलेच पडून राहिलं ना तुहं?"

"पहिलं पाऊल म्हणाल तर आपल्या घरून विमानतळ दक्षिणेला आहे. दक्षिणेला कोणता वार वाईट?"

"बेस्तरवार."

"म्हणजे गुरुवार. मग बुधवार चालतो की!"

मला वाटलं सिद्धता झाली, फळ्यावर लिहून खाली रेघ मारावी. पण माझं मधेच काय चुकलं कोण जाणे, यजमान मान डोलवत म्हणाले, "नाही, पण ताई म्हणते त्यात पॉइंट आहे." मी डोक्याला हात लावला. ज्या माणसानं कधी देवाला हात जोडले नाहीत त्याला आज पॉइंट दिसत होता.

मग वन्संनी तोड काढली. तिकीट बदलायचं नाही, पण प्रस्थान ठेवायचं. तुमच्याकडे करत असतील नसतील म्हणून सांगते. जायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या वेळेला प्रवासाला निघणाऱ्याची एखादी वस्तू घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला, असं धरतात. मग खुद्द माणूस वाईट वारी निघाला तरी चालतो. निघताना ती वस्तू सोबत घ्यायची. वन्सं म्हणाल्या, "एक साडी, सुपारी, हळदकुंकू, मूठभर तांदूळ. पिशवीत घालून दे. मी घरी नेऊन देवापाशी ठेवतो. बुधवारी घेऊन येतो विमानापाशी."

"पण वन्सं, नंदनवन पूर्वेला आहे. जर्मनी पश्चिमेला आणि प्रवास पूर्वेला सुरू करायचा?"

"मोठ्या मानसाच्या घरी ठेवलं की दिशा पाहत नाही," त्या म्हणाल्या. हा नियम त्यांनी तिथल्या तिथे काढला याबद्दल मला आजही शंका नाही.

मी पिशवी भरायला आत गेले. मनातल्या मनात चरफडतच गेले. वर्गात मुलांना मी सांगत आले होते की ग्रह-तारे आपल्या गावच्या बसच्या वेळा पाहत बसत नाहीत. कपाटातून जांभळी साडी काढली. सुपारी, हळदकुंकू, तांदूळ ठेवले. आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कपाटाच्या खणात पासपोर्ट होता. व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले होते, मग तो कुरियरनं परत आला होता आणि तेव्हापासून सोन्याबरोबर ठेवला होता. मी तो पाहिला आणि मला दोन वर्षांपूर्वीचा तो फोन आठवला. मनात आलं, साडी काय प्रवास करते? खरा प्रवास हा करतो. प्रस्थान ठेवायचंच तर ते पक्कं लागू दे. या वेळी काही कमी राहायला नको. आणि मी पासपोर्ट साडीच्या घडीत सरकवून पिशवीची गाठ मारली.

कुणाला सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? इतकी वर्षं वन्संच्या पंचांगाची टर उडवली होती. म्हटलं, पिशवी बुधवारी आपल्या हातात येणारच आहे, गुपचूप काढून घेऊ. साधा हिशोब होता. पहिली पायरी, दुसरी पायरी, उत्तर.

सोमवारी, मंगळवारी घरात फक्त वजनाचं भांडण झालं. मोठ्या बॅगेला तेवीस किलोची मर्यादा. तिच्यात डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, सुंठ, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, बाळाची टोपडी. यजमानांनी बाजारातून एक हुकाचा काटा आणला आणि दर तासाला बॅग उचलून वजन करायला लागले. मी झबलं घातलं की काटा, मी तिखटाची पुडी घातली की काटा. "तेवीस दोनशे झालं, काढ काहीतरी." शेवटी माझ्या अंगावरचे कपडेही मोजतील असं वाटायला लागलं. "अहो, तुमचा काटा घाला आता आडात!" मी ओरडले. त्यांनी काटा पुसून खिशात ठेवला.

बुधवारी दुपारी तीननंतरचं विमान. आम्ही साडेअकरालाच विमानतळावर. रेल्वेवाला माणूस, फलाटावर वेळेच्या आधी गेल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहत नाही. गाडीतून बॅगा उतरवल्या, ट्रॉलीवर चढवल्या. यजमान म्हणाले, "चल, दारापर्यंत येतो. आत जाऊन निवांत बस."

"थांबा जरा."

"काहून?"

"वन्सं येतायत ना."

"ताई? ताई नाही येत."

"नाही येत म्हणजे?"

"मीच फोन केला काल रात्री. म्हटलं, ते प्रस्थान-ब्रस्थान झालं ना आता, पिशवी काही आणू नको. इथं दीडशे ग्रॅमसाठी मारामारी चालू आहे आणि वरून साडी अन् तांदूळ. ती म्हणाली, बरं झालं, मी मंग भजनीमंडळासोबत रामटेकले जातो. सकाळीच गेली असेल."

ट्रॉलीचा दांडा धरून मी उभी राहिले. यजमान म्हणाले, "काय झालं? उन्हानं चक्कर आली काय?"

"पासपोर्ट त्या पिशवीत आहे."

त्यांना आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की तो पाहून मला रडूही येईना. एरवी मी काही विसरले की दोन दिवस पुरवून पुरवून बोलणारा माणूस त्या वेळी एक शब्द वाकडा बोलला नाही. "काहून ठेवला?" एवढंही विचारलं नाही. चावी काढली आणि गाडीकडे धावत सुटले. सत्तरीला आलेला माणूस, एक चप्पल अर्धी पायातून निसटलेली.

मी तिथेच बाहेर बॅगांपाशी बसले. वन्संना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. पाऊण तासानं यजमानांचा फोन आला.

"ताईचा फोन घरातच वाजून राहिला. दाराबाहेरून ऐकू येते."

"मग?"

"मग काय, दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणतात संध्याकाळी येईल मंडळ."

"कुलूप तोडा."

"ताईचं कुलूप कसं तोडू?"

"अहो, तोडा म्हणते ना! दगडानं तोडा, नाहीतर लाथ मारा!"

"तसं नाही, मी विचार करून राहिलो. तू आधार कार्डावर दिल्लीपर्यंत जाऊ शकते. म्हंजे दिल्लीला तू पुढे जा. मी पिशवी घेऊन गाडीनं मागून येतो."

माझं विमान दिल्लीहून त्याच रात्री सुटणार होतं आणि यांची गाडी दिल्लीला दुसऱ्या दिवशी पोचली असती. सहावा मार्ग! भर दुपारी विमानतळाच्या दारात मी फोनवर इतक्या मोठ्यानं ओरडले की गेटवरचा जवान माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "तुमचे मार्ग घाला चुलीत आणि चावीवाला बोलवा!"

चावीवाला आला. तो म्हणाला, घर तुमचं आहे याचा पुरावा दाखवा. यजमान म्हणाले, बहिणीचं आहे. तो म्हणाला, मग पाटीवरचं आडनाव वेगळं काहून? लग्न झालेल्या बहिणीचं आडनाव वेगळं असतं हे यजमान त्याला भर रस्त्यात समजावत बसले. शेजारच्या बाईंनी येऊन सांगितलं तेव्हा कुठे त्यानं कुलपाला हात लावला. हे सगळं मला मिनिटामिनिटाला फोनवर कळत होतं आणि तिकडे माझ्या विमानाचं सामान घेणं बंद होत आलं होतं. मी काउंटरपर्यंत जाऊन हात जोडले. तिथल्या मुलीनं फार गोड शब्दांत सांगितलं की काही करता येणार नाही. बिचारीचा दोष काय? मला तिचाही राग आला.

यजमान पिशवी घेऊन आले तेव्हा विमान उडून गेलं होतं. घामानं शर्ट ओला, हातात ती पिशवी, गाठ अजून तशीच. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि शेजारी बसले. मग आम्ही घरी आलो, त्याच दहा मिनिटांत.

सदरच्या बाईंनी फोनवर पुन्हा जागा शोधली. गुरुवारी काहीच नव्हतं. शुक्रवारी सकाळी नागपूर-दिल्ली, दुपारी तिथून पुढे, संध्याकाळी जर्मनीत. मी लेकीला सांगितलं की दोन दिवस उशीर होतोय. ती "का?" म्हणाली. मी म्हटलं, "आल्यावर सांगते." ती म्हणाली, "ठीक आहे, अजून आठवडा आहे." तिचा आवाज जरा पडला होता. मी स्वतःला समजावलं की आठवडा आहे.

शुक्रवारी सकाळी मी निघायच्या तयारीत असताना जावयांचा फोन आला. रात्रीच लेकीच्या अंगावरून पाणी गेलं होतं आणि ते दवाखान्यात पोचले होते. कळा सुरू झाल्या होत्या. बुधवारी मी निघाले असते तर एव्हाना तिथे जाऊन एक दिवस झाला असता, तिच्याबरोबर दवाखान्यात मीच गेले असते. पायरी पहिली, पायरी दुसरी, उत्तर. यजमानांनी त्या दिवशी बॅगेचं वजन केलं नाही.

दिल्लीच्या विमानतळावर मी एका खांबापाशी उभी राहून फोन कानाला लावला होता. मोकळ्या खुर्च्या होत्या, पण मला बसवेना. जावई चांगले आहेत, खोलीत तिच्याजवळच होते, तिचा हात धरून होते. ते फोन तिच्या तोंडाजवळ नेत.

"आई, कुठपर्यंत आलीस?"

"दिल्ली."

"अजून दिल्ली?"

"येतेच मी. येतेच आहे बघ."

"तू म्हणाली होतीस नक्की."

मी तिला श्वास घे, सोड, श्वास घे, सोड, असं सांगत राहिले. आजूबाजूनं चाकाच्या बॅगा ओढत लोक चालले होते, कुणी पराठे खात होतं. तिची कळ आली की ती ओरडायची आणि मी खांबाला घट्ट धरायची. मग विमानात बोलावलं. आतही मी फोन सोडला नाही. बंद करा म्हणून हवाई सुंदरी दोनदा येऊन सांगून गेली. तिसऱ्यांदा ती शेजारी उभीच राहिली. मी लेकीला म्हटलं, "आता मला फोन बंद करावा लागेल गं." तिच्या श्वासाचा आवाज येत होता, तो मी बंद केला.

त्यानंतरचे तास मी कसे काढले ते मला विचारू नका. खाली कुठले देश होते मला माहीत नाही. पुढच्या सीटच्या पडद्यावर एक विमान नकाशावर मुंगीच्या पावलानं सरकत होतं आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. सगळ्यांना घातल्या. कॅलेंडरच्या पानांना, काट्याला, पंचांगाला, रामटेकच्या भजनाला, चावीवाल्याला. एकेकाला घेऊन झालं आणि शेवटी यादीत मीच उरले. कुणीही मला सांगितलं नव्हतं की पासपोर्ट ठेव. वन्संनी साडी सांगितली होती.

उतरल्यावर फोन चालू केला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. मी कुठेतरी आभाळात असताना. जावयांचे एक सहकारी न्यायला आले होते. ते परके गृहस्थ गाडी चालवत होते आणि मी मागे बसून हमसून हमसून रडत होते. आनंदानं रडते आहे असं समजून ते आरशातून हसून पाहत होते.

दवाखान्यात लेक पलंगावर टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, केस कपाळाला चिकटलेले. मी तिला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं, पण तिचे हात काही माझ्याभोवती आले नाहीत. बाळ तिच्या छातीशी होतं. जावई चहा आणतो म्हणून बाहेर गेले.

ती म्हणाली, "बाबांचा फोन आला होता मघाशी. रडत होते. त्यांच्यामुळे उशीर झाला म्हणाले. वजनाच्या हट्टापायी पिशवी आणू नको असं त्यांनीच आत्याला सांगितलं."

मी गप्प बसले असते तर विषय तिथेच मिटला असता. यजमानांनी ते ओझं आपल्या डोक्यावर घेऊन टाकलंच होतं. घरात कुणीही मला पुन्हा विचारणार नव्हतं. पण पोरीच्या तोंडाकडे पाहून मला ते जमलं नाही.

"बाबांमुळे नाही," मी म्हटलं. "पासपोर्ट पिशवीत मी ठेवला. मीच. कुणाला न विचारता."

"तू? तुझा कधीपासून विश्वास बसला असल्या गोष्टींवर?"

"नाही बसत. पण मला भीती वाटली गं. मागच्या वेळेसारखं काही होईल अशी भीती वाटली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता, पण त्याहून जास्त थकवा होता.

"मला पण तीच भीती वाटत होती, आई," ती म्हणाली. "म्हणून तर तू हवी होतीस."

तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.